उलटा किमोनो

४ नोव्हेंबर
सातव्या भागाची चित्रं तोबिता-सानकडून परत आली. एकही पिवळा कागद नाही! आमच्या अ‍ॅनिमेशन मालिकेचे दिग्दर्शक ते, त्यातले काही भाग माझ्याकडे. इतकी वर्षं माझ्या चित्रावर पिवळा कागद ठेवून त्यावर दुरुस्ती काढून देतात. आज सगळं कोरं, कोपऱ्यात फक्त मंजुरीचा शिक्का. आर्ट स्कूल नाही, गुरू नाही. टीव्ही थांबवून थांबवून शिकलेला माणूस मी. बायकोला, मेधाला, ऑफिसात फोन केला. "अभिनंदन. निशी-कसाई स्टेशनला उतरलास की कोथिंबीर घेऊन ये, दिग्दर्शकसाहेब."

६ नोव्हेंबर
आनंद टिकला नाही. निर्मात्या शिराकी-सान सहज बोलून गेल्या, "हल्ली कुणालाच पिवळे कागद येत नाहीत." म्हणजे? माझं काम चांगलं, की तोबिता-साननी नाद सोडला, की त्यांना दिसतच नाही? परवा जिन्यात कठडा चाचपत होते. आणि पुढचा चित्रपट कुणी करायचा हे तेच ठरवणार. तो मला हवाय. पण माझं काम न बघता दिलेला नको.

१० नोव्हेंबर
केलं. आठव्या भागात आजी ओट्यावर बसून नातीचे केस विंचरते. तिचा किमोनो मुद्दाम उलटा काढला, उजवी बाजू वर. इथे जपानात तसा फक्त प्रेताला घालतात. पाठवायच्या आधी इराला दाखवलं. पोरगी एरवी जपानीतच उत्तर देते, आज चक्क मराठीत, "बाबा, ही मेलीय का?"
शाळकरी पोरीला कळतं ते त्यांना कळायलाच हवं. पाठवलं.

१३ नोव्हेंबर
परत आलं. शिक्का. कोरं.
म्हणजे दिसत नाही. डबा न उघडता घरी आणला. मेधा चिडली. "त्यांची परीक्षा घेणारा तू कोण रे? जा, सरळ सांग." उद्या सांगतो. चित्रही बदलतो.

१४ नोव्हेंबर
सकाळी त्यांच्या टेबलाशी गेलो. मी तोंड उघडायच्या आत तेच, "साठे-सान, तो किमोनो." मी गार.
"आजी आधीच गेलेली आहे, नातीला माहीत नाही. असंच ना? परवापासून डोक्यातून जात नाही. नववा भाग त्याप्रमाणे बदलतोय." मग हळू आवाजात, "पुढचा चित्रपट तुम्ही करा."
मी वाकलो. आणि तसाच जागेवर परत आलो.

१५ नोव्हेंबर
खरंच पाहिलं त्यांनी? की कुणी दाखवून दिलं आणि त्यांनी सावरून घेतलं? सावरलं कुणाला, स्वतःला की मला?
दृश्य त्यांच्या कल्पनेप्रमाणे पुन्हा काढून पाहिलं. फणी केसांतून फिरते, पण एकही केस हलत नाही, असं. अंगावर काटा आला. आजवर माझ्या नावावर लागलेली सगळ्यात चांगली कल्पना, आणि ती मला सुचलेलीच नाही.

१७ नोव्हेंबर
आज मीटिंग. ही कल्पना कशी सुचली ते मी सगळ्यांना सांगायचं, असा शिराकी-सानचा निरोप. निघताना मेधा, "काय सांगणार आहेस?" "बघू." "बघू नको, ठरव."
लवकर आलो. तोबिता-सान माझ्याही आधी येऊन खुर्च्या मांडत होते. माझी फळ्याजवळ. स्वतःची त्यांनी ओढत ओढत माझ्या पुढ्यात आणली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी.
"इथून दिसाल मला," म्हणाले.
बसलेत. मी माझ्या टेबलाशी येऊन हे लिहितोय. खरं सांगायचं तर आत्ताच, अजून कुणी आलेलं नाही, आम्ही दोघंच