माशांची बांधणी

मी, देवदत्त नरहर सोवनी, वय एक्याऐंशी, निवृत्त अभियंता, राहणार रिचमंड हिल, बुद्धी शाबूत असताना व कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो की:

१. राहता कॉन्डो व बँकेतील शिल्लक चिरंजीव जयदीप, ओकव्हिल, यास मिळावी. त्याला हे वाचता येणार नाही. भाषांतर करून घ्यावे. भाषांतरकाराने 'माशी' व 'मासा' यांत गल्लत करू नये.

२. गळ धरून ठेवणारा व्हाइस, कोंबड्याची पिसे व रेशमी दोरे कोणीही मागितलेले नाहीत. "डॅड, यू कॅन जस्ट बाय दीज," हे जयदीपचे मत. जुन्या वस्तूंच्या दुकानात द्यावेत.

३. ट्राउट मासा फसावा म्हणून गळावर पिसे गुंडाळून मी बांधलेल्या सर्व माश्या, डब्यासह, श्री. रविकांत मुळगावकर यांना देत आहे. क्रेडिट नदीवर बांधणी माझी, निवड त्यांची. पाण्यातला दगड उलटून ते खालचे किडे पाहत आणि नेमकी तशी माशी मागत. येथील मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांनी आमच्या छंदाचे प्रदर्शन मांडले. फलकावर लिहिले, 'माशांची बांधणी'. मी सर्वांसमक्ष सांगितले: मासा, माशांची, माशी, माश्यांची. मासे कोण बांधतो? ते म्हणाले, "देवदत्ता, मासा शुद्धलेखन बघून गळाला लागत नाही!" आणि फलक काखेत मारून निघून गेले. दुरुस्ती बरोबरच होती. पुढे मी एकटा नदीवर जात राहिलो. निवड चुकत राहिली.

४. वरील कलम कळवण्यास डबा घेऊन ब्रॅम्पटनच्या वृद्धाश्रमात गेलो. त्यांची कन्या उल्का म्हणाली, "काका, ते मलाही ओळखत नाहीत हो." रविकांतने विचारले, "आपण कोण?" इतक्या वर्षांच्या 'तू'चे 'आपण' झाले होते. मी डबा उघडला. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले, एक करडी माशी उचलली. "ढगाळ आहे. हीच." निवड अचूक होती. मग म्हणाले, "सोवनीची बांधणी. तो माझ्याशी बोलत नाही."

५. गळ टोचेल म्हणून परिचारिकेने ती माशी काढून घेऊन डबा मला परत केला. सबब कलम तीनमधील 'देत आहे' रद्द समजून तेथे 'दिल्या असत्या' असे वाचावे. डबा माझ्या देहाबरोबर दहनास द्यावा. झाकणावर 'माशांची बांधणी' असे लिहावे. दुरुस्ती करू नये.

हे सर्व मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले व साक्षीदारांदेखत सही केली.

देवदत्त नरहर सोवनी
रिचमंड हिल, १४ मे २००९

साक्षीदार:
१. शैलेंद्र वाघुलदे, शेजारी
२. सुमेधा वाघुलदे, शेजारी