आवणीची पहिली मूठ

आबा, उद्या वरच्या खाचरात भाताची आवणी आहे. रोपांची पहिली मूठ घरातल्या थोरल्यानं लावायची आणि तोवर बाकीच्यांनी बांधावर उभं राहायचं, ही आपल्या घरची रीत. उद्या ती मूठ मी माझ्या मुलाच्या हातात देणार आहे. मी धडधाकट आहे, कंबर अजून वाकते, तरी देणार. ठरवलंय.

लोणावळ्याचे शेठ आठवतात का, ज्यांच्या बंगल्यावर मी माळी होतो? ऐंशीच्या घरातले, पण दोनशे वर्षं जगायचं म्हणत. एका वैद्याकडून त्यांनी कायाकल्प करून घेतला, चाळीस दिवस बिनखिडकीच्या खोलीत दूध आणि आवळ्यावर काढले, आणि बाहेर येऊन सांगू लागले की मला नवे दात फुटताहेत. दात कुणाला दिसले नाहीत. मला दिसायचा त्यांचा मुलगा. पन्नाशी उलटलेला, केस पिकलेले, आणि बागेतला एक गुलाब हलवायचा तरी वडिलांच्या दाराबाहेर टोपी हातात धरून उभा. मी मनात हसायचो. आपलं ठेवायचं झाकून, त्यातली गत. चाळिशी आली तरी मीही बांधावरच उभा होतो.

त्या वर्षी तुम्हांला दम्यानं गाठलं. शेठनी वैद्याचं काळं चाटण दिलं, म्हणाले, बापाला दे, शंभरी ओलांडेल. कामशेतला गाडीतून उतरून मी आपल्या वडिवळ्याच्या वाटेला लागलो आणि मनात आलं, म्हातारा एवढा जगला तर माझी मूठ कधी? त्या विचाराची मला आजही लाज वाटते. तुम्ही चुलीपाशी बसून डबी उघडलीत, वास घेतलात.

"माज्याबरूबरच्या मानसांना बी दिलंय का शेटनं?"

"न्हाई आबा. तुमच्यापुरतंच हाय."

"मग मी बोलू कुनाशी? तुजी आय जाऊन धा वर्सं झाली." मग डबीला झाकण लावत म्हणालात, "आन् मी हितंच बसून ऱ्हायलो तर तू कवा वाकायचास?"

"मूठ गेली खड्ड्यात. तुमी खावा."

तुम्ही खाल्लं नाहीत. मी चिडलो. आठव्या दिवशी आवणी होती. तुम्ही इरलं पांघरून बांधावर बसलात, धाप लागलेली, आणि रोपं माझ्या हातात दिलीत. "लय खोल खुपसू नगंस," एवढंच म्हणालात. मी नेमकी खोलच खुपसली. तुम्ही बघितलंत आणि काही बोलला नाहीत. त्या साली नव्या तांदळाचा भात तुमच्याशिवाय झाला.

मला वाटायचं, माझी वेळ आली की मी तुमच्यासारखाच वागेन. नाही वागलो. माझा मुलगा आता तेव्हाच्या माझ्याएवढा झालाय. गेली चार वर्षं मी त्याला म्हणतो, औंदा मीच लावतो, फुडल्या साली तू. यंदा त्यानं विचारलंच नाही. चिखलणी उरकून पाय धुतले आणि गुमान जेवायला बसला, तेव्हा मला शेठच्या मुलाची टोपी आठवली.

मला मरायचं नाही, आबा. अजून सकाळी खाचरातलं पाणी चमकलं की बरं वाटतं. कुणी दोनशे वर्षं देऊ केली तर नको म्हणेन, असं छातीठोकपणे सांगवत नाही. पण माझ्या जगण्यापायी माझं पोर बांधावर खोळंबून म्हातारं होऊ नये, एवढं माझ्या हातात आहे आणि ते मी उद्या करणार. मी बांधावर बसेन. त्यानं खोल खुपसली तरी तोंड उघडणार नाही.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून एक सांगून टाकतो. शेठनी डब्या दोन दिल्या होत्या. दुसरी मी वाटेत ओढ्यापाशी बसून एकट्यानं चाटूनपुसून खाल्ली.