बिनचुलीच्या बाईंना

बाई, हल्ली माझ्या पायांना मुंग्या येतात, आणि त्यावरून तुम्ही आठवलात. रागावू नका. एरवीही आठवता, पण पायांवरून आठवायची ही पहिलीच वेळ. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मी कोण हे आधी सांगायला हवं. बमरोलीची मी, सातवीतली, तिसऱ्या बाकावरची. आई पांडेसऱ्याच्या डाइंगमधल्या, कापड रंगवायच्या मिलमधल्या चौदा माणसांची खानावळ चालवायची. तरी नाही आठवलं? मधल्या सुट्टीत तुमच्या डब्यातले भिजवलेले शेंगदाणे चोरताना जी सापडली, ती. सगळा वर्ग आता हिला छड्या बसणार म्हणून टपून बसला होता, आणि तुम्ही डबाच माझ्यापुढे सरकवलात. म्हणालात, "चोरून कशाला खातेस? मागून खा. आणि गिळू नकोस, चाव. नाहीतर चोरीसुद्धा अंगी लागायची नाही." सुट्टी संपेपर्यंत मी ते पाच-सहा शेंगदाणे चावत होते, बाई. जबडा दुखला माझा.

तुमच्या त्या डब्याची शाळेत भारी चेष्टा व्हायची. मोड आलेली मटकी, गाजर, काकडी, ओल्या खोबऱ्याचा तुकडा, वर गुळाचा खडा. शिजवलेलं काही म्हणजे काही नाही. बाकीचे सर म्हणायचे, बाईंकडे गाय पाहुणी आली तर तिची गैरसोय व्हायची नाही. तुम्ही त्यांच्यासमोरच बसून कचाकचा गाजर खायचात. पण मला खरा धक्का बसला तो तुमच्या खोलीवर. वह्यांचा गठ्ठा घेऊन मी आले होते. खाट, पुस्तकं, माठ, विळी, आणि खिडकीत मटकी बांधून टांगलेलं फडकं. मी दारामागे बघतेय, पडद्यामागे बघतेय. "काय शोधतेस गं?" "बाई, तुमचा स्टो कुठाय?" "नाहीये." "मग चूल?" "तीही नाही. चुलीपुढे बसले असते तर तुमच्या वह्या कोणी तपासल्या असत्या?" एवढंच म्हणालात आणि लाल पेन उघडलंत. आमच्याकडे पहाटे पाचला स्टो भरभरायला लागायचा, आणि आई चौदा जणांच्या भाकरी थापून उठायची तोवर तिच्या मनगटापर्यंत पीठ वाळून तडकलेलं असायचं. बाईमाणसाच्या खोलीत स्टो नसू शकतो, हे मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. त्या खोलीतून माझा पाय निघेना.

मग तुम्ही आमच्याकडे आलात. सातवीनंतर मला भाकरी थापायला घरी बसवायचं ठरलं होतं. तुम्ही पाटावर बसलात आणि आईनं शाळेचा विषय निघायच्या आधीच तोंड उघडलं, "बाई, पोर सांगस ते खरं शे का? तुमी चूल पेटाडतस नही? मंग दिनभर खातस काय, ढोरना मायक पाला?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालेलं. तुम्ही मात्र खुशीत येऊन सांगायला लागलात, झाडपाल्यातून माणसाला सगळं मिळतं, आग लावून आपण त्यातलं सत्त्व मारतो, हत्ती बघा, काय खातो? आईनं परातीतले हात थांबवले नाहीत. "हत्ती डाइंगमा डूटी करस का, बाई? बारा तास उभा ऱ्हास का?" तुम्ही इतक्या हसलात की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग आईनं तव्यावरची कळण्याची भाकरी तुमच्यापुढे ठेवली, बाजूला ठेचा, आणि म्हणाली, "मन्ही एक भाकर खावा. मंग पोर तुमनी." नऊ वर्षं तुम्ही शिजलेल्या अन्नाला शिवला नव्हतात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, भाकरीकडे बघितलंत, आणि बसून सगळी भाकरी खाल्लीत, नाकातोंडातून पाणी वाहेपर्यंत. मी आठवीत गेले. पुढे ऑफिसात लागले, आज तिथेच मोठी कारकून आहे. त्या भाकरीबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. आज मानते.

आता पायांचं सांगते. लग्नानंतरही मी तुमच्याकडे यायचे, केळी आणि नारळ घेऊन. तुम्ही खाटेवर बसून पाय जमिनीवर आपटत असायचात. "मुंग्या येतात गं. वय झालं." एकदा जिना उतरताना तुमची एक चप्पल वरच राहिली आणि तुम्हाला कळलंच नाही, तशाच चालत रस्त्यापर्यंत आलात. आपण दोघी किती हसलो होतो! मी चप्पल आणून दिली आणि घरी गेले. डॉक्टरकडे चला, एवढं दोन शब्दांचं वाक्य मला सुचलं नाही. तुम्ही गेलात त्या वेगळ्याच दुखण्यानं, तरी ती चप्पल मला आता टोचते. खरंच सांगते, फार वाईट वाटतं.

बरं, आता माझे प्रताप. दोन वर्षांपूर्वी आमचे हे रिटायर झाले आणि माझं काम दुप्पट झालं. पस्तीस वर्षं ते सचिन गावच्या मिलमध्ये कलर किचनमध्ये होते. तिथे स्वयंपाक होत नाही बरं का, कापडावर छापायचे रंग कालवतात, तरी नाव किचन. ते घरी बसले आणि यांना अकराला चहा, एकला गरम जेवण, चारला परत चहा. माझ्या नोकरीची अजून चार वर्षं बाकी. पहाटे उठून मी दोन वेळचं करून ठेवायचे आणि संध्याकाळी आल्यावर ऐकायचे, "दुपारची पोळी जरा वातड झाली होती." एका रविवारी खालच्या मजल्यावरच्या बेन मला बागेत कच्च्या आहाराच्या शिबिराला घेऊन गेल्या. तिथे काय सांगितलं ते अर्धं मी ऐकलंच नाही. मला तुमची खोली दिसत होती. घरी आले आणि जाहीर करून टाकलं, "आजपासून मी शिजवलेलं खाणार नाही. आणि जे मी खात नाही ते मी करणारही नाही." मुलगा फोनमधून मान वर काढून म्हणाला, "मम्मी, आ शुं नवुं? हे काय नवीन?" हे म्हणाले, "आठ दिवसांत येशील ताळ्यावर." दीड वर्ष झालं, बाई.

पहिला आठवडा दोघा बापलेकांनी हॉटेलातून मागवून खाल्लं. मग यांचं पोट बिघडलं. मग एका सकाळी बघते तर ओट्यावर छोटा वजनकाटा. हे चष्मा लावून मीठ तोलतायत. तुम्ही बघायला हवं होतं! मिलमध्ये जशी रंगाच्या प्रत्येक शेडची रेसिपी वहीत लिहायचे तशीच तुरीच्या डाळीची लिहिलेली, डाळ इतके ग्रॅम, पाणी इतकं, हळद इतकी, शेरा, "रंग फिका, पुढच्या वेळी हळद वाढवणे." भाजी झाली की बशीत थोडी घेऊन खिडकीच्या उजेडात धरून बघणार. मी म्हटलं, "अहो, जीभ लावून बघा की!" तर म्हणे, "आधी शेड जुळू दे." आज त्यांच्या पोळ्या माझ्यापेक्षा गोल होतात. मुलगा परवा बोलून गेला, पप्पांची डाळ मम्मीपेक्षा भारी. त्याला वाटलं मला लागेल. लागलं थोडं, लपवत नाही. पण त्या सकाळी मी सात वाजेपर्यंत झोपले होते, बाई. सात! खिडकीतून उन्हाची तिरीप अंगावर आलेली. इतक्या वर्षांत ती तिथे येते हेच मला माहीत नव्हतं.

आणि मग दोन महिन्यांपूर्वी ऑफिसच्या पायऱ्या उतरले, शिपायानं हाक मारली, "मॅडम, तुमची चप्पल!" माझी डावी चप्पल तीन पायऱ्या वर होती. मला कळलंच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी कुणाला न सांगता रक्त तपासायला दिलं. डॉक्टर म्हणजे एक तरुण गुजराती मुलगी. "दूध-दही?" "बंद." "क्यारथी?" "दीड वर्ष." ती म्हणाली, बी-ट्वेल्व्ह अगदी तळाला गेलंय. तुमचा आणि आईचा तो वाद तिनं दोन मिनिटांत मिटवला. डाळी, दाणे, तीळ, पालेभाज्या असं नीट खाल्लं तर माणसाचं बहुतेक भागतं. हे एक मात्र झाडपाल्यात नाही, कच्चं खा नाहीतर शिजवून. त्याची गोळी घ्यायची, सुरुवातीला इंजेक्शनं. आणि आंटी, डाळ तरी शिजवून खात जा, पोटाला बरी. म्हणजे बाई, तुम्ही बऱ्याचशा बरोबर होतात, आईही बरोबर होती, आणि जे कमी पडत होतं ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

रिपोर्ट मी साड्यांच्या घडीखाली लपवला. भीती आजाराची नव्हती, आजाराला इंजेक्शन होतं. भीती ही की हा कागद सापडला की हे म्हणणार, बघ, सांगत होतो ना, चल, पेटव गॅस. पहाटे पाच परत. सात वाजताचं ऊन गेलं. ऑफिसातून येताना दवाखान्यात इंजेक्शन टोचून घ्यायचे आणि घरी येऊन हसत काकडी खायचे. लाज वाटायची, या वयात नवऱ्यापासून कागद लपवतेय म्हणून, पण काढून दाखवायचा धीर होईना.

सापडायचा तो सापडलाच. इस्त्रीचे कपडे ठेवायला गेले हे. मी ऑफिसातून आले तर कागद टेबलावर, त्यावर चष्मा, आणि समोर हे. मी चप्पल काढायच्या आधीच भांडायची तयारी केली. यांनी कागदावर बोट ठेवलं. "हिमोग्लोबिन बरंय. साखर बरी. हे एवढं एक कमी." मी म्हटलं, "मग?" "मग काय? रंगात एक गोष्ट कमी पडली तर तेवढी टाकतात. अख्खा लॉट कुणी गटारात ओतत नाही." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे स्वयंपाक...?" "त्याचा काय संबंध? स्वयंपाक मी करतोय ना? की माझा आवडत नाही?" बाई, मी उभ्या उभ्या रडले. हे घाबरून पाणी आणायला धावले. महिनाभर मी ज्या माणसाला घाबरत होते तो रोज माझ्यासाठी मोजून गाजर किसत होता.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "पण तुला ते कच्चं खरंच आवडतं ना?" मी म्हटलं, "खूप." इतका चांगला माणूस, वही घालून गाजरं किसतो, त्याला काय सांगू? तेव्हापासून वाटीत थोडी दाण्यांची भरही पडतेय, वर गोळी. मुंग्या कमी झाल्यात.

हे पत्र टपालात जायचं नाही, ते तुम्हालाही माहीत आहे. म्हणून लिहून टाकते. आज मला सुट्टी आहे. हे आणि मुलगा दोघंही बाहेर गेलेत. मी बाजारात जाऊन एक वांगं आणलं, आपलं खानदेशी, हिरवं, थोराड. भाजीवाली म्हणाली, "एकच?" म्हटलं, "एकच." गॅसवर खरपूस भाजलं, मिरच्या-लसूण ठेचून घातला, कांद्याची पात, दाणे, तेल सढळ हातानं. आयुष्यभर स्वयंपाक केला, बाई, पण कुणाला चालेल, कुणाला पुरेल, तिखट होईल का, असलं काही मनात न आणता गॅस पेटवायची ही पहिलीच वेळ. खाली बसून सगळं एकटीनं खाल्लं, भांडं पुसून. मग सगळ्या खिडक्या उघडल्या. यांना वास आला तर सांगीन, शेजारच्यांकडून येतोय.