खुशबूचं लग्न आणि माझी शेवटची इच्छा

आरमोरी
१८ सप्टेंबर २०२५

ती. गुणवंतभाऊस,
सप्रेम जयभीम.

माझी तब्येत बरी आहे. धान पोटरीवर आला आहे. रंजीता वहिनींचा गुडघा कसा आहे? अक्षर वाकडं दिसेल, उजवा हात ऑपरेशनपासून ऐकत नाही, म्हणून डाव्याने लिहिते. फोनवर मला शब्द सापडेपर्यंत तू बोलून मोकळा होतोस. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

रविवारी खुशबू गडचांदूरहून आली होती. जेवताना मी विचारलं, नर्सिंगचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून लग्न करायची तुला एवढी कसली घाई होती गं? तिने घास ताटात ठेवला.

"आई, घाई तुलेच होती ना? मामा म्हणे, आईची शेवटची इच्छा हाय, तुहं लगन पाहून जायची."

माझी इच्छा! आणि मला काय सांगितलं होतंस? पोरीलाच मुलगा पसंत आहे, तीच थांबायला तयार नाही. दोघींना दोन गोष्टी सांगितल्यास आणि मधल्या मध्ये मोठा कर्ता मामा झालास.

नागपूरला डॉक्टरांनी तुला आत बोलावलं तेव्हा मी टाके घातलेलं डोकं घेऊन बाहेर बाकावर बसले होते. ग्लिओब्लास्टोमा, झपाट्याने वाढणारी गाठ, वर्ष-दीड वर्ष, हे सगळं तू ऐकलंस, खुशबूला सांगितलंस. बाहेर येऊन म्हणालास, गाठ निघाली, आता नुसते रेडिएशनचे शेक. मरणार मी, आणि ठाऊक तुला! तीस शेक झाले आणि पुढच्याच महिन्यात तू विहारात मांडव घातलास. तिची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. पांढऱ्या साडीत पोरगी उभी, टकलावर रुमाल बांधून मी खुर्चीत, आणि पंचशील घेताना 'मुसावादा वेरमणी' म्हणणारा तुझा आवाज सगळ्यांत मोठा. खोटं बोलणार नाही म्हणे! लाज कशी वाटली नाही रे?

तू मला जिवंतपणीच आवरून टाकलंस. मी मेले नाही, ही तुझी पंचाईत झाली. डॉक्टरांच्या त्या आकड्याला दोन वर्षं सात महिने झाले, भाऊ. एवढ्या वेळात पोरगी नर्स होऊन नोकरीला लागली असती.

आता माझंही लिहिते. लग्नाच्या आठवड्यात तिला उशीत तोंड खुपसून रडताना मी पाहिलं होतं. एकदाही विचारलं नाही, काय झालं बेटा. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि मला ते लग्न बघायचं होतं. आकडा माहीत नव्हता, पण आपलं अंग आपल्याला कळतं. पंचशील मीही म्हटलं, तुझ्याच मागोमाग. तुझ्यावर चिडते त्यातला अर्धा राग माझ्यावरचा आहे. पण उरलेला अर्धा तुझाच.

कॉलेज तिला परत घ्यायला तयार आहे. एक ऑक्टोबरला हजर व्हायचं, इथून गडचिरोली जाऊन-येऊन करेल. कुलदीप जावई हो म्हणतात. अडलंय सासऱ्यांपाशी, कारण पोरगी पुढे शिकणार नाही असा शब्द तू त्यांना परस्पर दिला होतास. हेही रविवारीच कळलं.

आणि वर तब्येत बरी लिहिलं, ते पत्र लिहायच्या सवयीने. मंगळवारी एमआरआय झाला. गाठ पुन्हा दिसते आहे. या वेळी मी डॉक्टरांना आधीच बजावलं होतं, जे सांगायचं ते मला सांगा. त्यांनी मलाच सांगितलं. ऑपरेशन जमेल का ते पाहतील, नाहीतर पुन्हा केमोच्या गोळ्या. मी घेणार आहे. खुशबूला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं. ती रडली, आणि मग काय म्हणाली ठाऊक आहे?

"राहू दे ते कॉलेज, आई. मी दिवसभर तुह्यापाशीच राह्यतो."

म्हणून हे पत्र. रविवारी गडचांदूरला जा. सासऱ्यांसमोर बसून दिलेला शब्द परत घे. मग खुशबूला समोर बसव आणि दोन वर्षांपूर्वी काय केलंस ते स्वतःच्या तोंडाने सांग. आणि सांग की तिने एक तारखेला कॉलेजात जावं, ही आईची शेवटची इच्छा आहे. या वेळी ती आईला विचारून सांगतो आहेस.

तोवर माझ्या दारात येऊ नकोस.

तुझी, अजून असलेली बहीण,
चंदा