पहिल्या दहा वर्षांतले अकरा

३ फेब्रुवारी, सोमवार

मला विचारलं! मला! फुटबॉल टीमचे सेक्रेटरी स्वतः घरी आले, बूट दाराबाहेर काढून खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, आजी, टीमला पन्नास वर्षं होतायत, तर पहिल्या दहा वर्षांतले सगळ्यात चांगले अकरा खेळाडू तुम्ही निवडून द्या. मी म्हटलं, अहो मी कपडे धुणारी बाई, मला काय त्यातलं कळतंय! तर म्हणतात, त्या दहा वर्षांतली इथल्या मैदानावरची प्रत्येक मॅच बघितलेलं माणूस आता तुम्हीच एकट्या उरलाय. ते मात्र खरं. बाकीचे गेले, नाहीतर सकाळी काय जेवले तेही त्यांना संध्याकाळी आठवत नाही.

मॅच बघायला म्हणून मी कधी गेलेच नाही. काचेच्या कारखान्याची टीम, आणि तिचे कपडे धुवायचं काम माझ्याकडे. मैदानावरची माती अशी चिकट, की शर्ट ओले असतानाच पाण्यात पडले तर सुटायची. वाळली की बसलीच. म्हणून मी आपली बादली घेऊन कडेला बसायचे, शिट्टी वाजेपर्यंत. बसल्या बसल्या डोळे काय मिटून घेणार?

सोळा तारखेला कार्यक्रम. यादी माइकवर मीच वाचायची. सेक्रेटरींनी दोन कप चहा घेतला आणि बिस्किटं संपवली. ही वही नातीनं दिली. म्हणाली, आजी, आठवेल तसं लिहीत जा, कुणी वाचणार नाही. गुणाची आहे पोर. लिहिते पण कसलं, मुंग्या चालल्यासारखं. माझं अक्षर तिच्यापेक्षा बरं, आणि मी तर तिशीत शिकले, मुलीच्या पाटीवर.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज दोरीवर अकरा चिमटे लावले. नातीनं चिठ्ठ्या करून दिल्या. एकेक नाव ठरलं की चिठ्ठी चिमट्यात. सूनबाई कपडे वाळत घालायला आली तर दोरी अडलेली! म्हणाली, आई, टीम जरा सरकवून घ्या, मला चादर टाकायचीय.

गोलकीपर 'उशी'. त्यात वादच नाही. बाटल्या खोक्यात भरायच्या खात्यात होता, हातातून कधी बाटली सुटली नाही तर बॉल काय सुटणार. मग 'घड्याळ'. तो भट्टीवर नळीनं काच फुंकायचा. छाती अशी, की दीड तास धावून आल्यावर बाकीचे आडवे पडायचे आणि हा उभ्यानं बिडी पेटवायचा. घड्याळ का म्हणायचे ते विसरले. कामावर कायम उशिरा यायचा, म्हणूनच बहुतेक.

मागच्या बाजूला चार नंबर, आमचे हे. हे तर कॅप्टन. नवरा म्हणून नाही घेतले, खरंच चांगले खेळायचे. समोरून आलेला माणूस ह्यांच्याकडे बघूनच बाजूनं जायचा. घरातही तसंच!

दहा झाले. अकरावा चिमटा मोकळा आहे. तिथलं नाव मला माहीत आहे. लिहीत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

अकराव्या चिमट्यात 'लोणी'ची चिठ्ठी लावली आणि यादी सेक्रेटरींकडे पाठवून दिली. संपलं एकदाचं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

संपलं कुठलं!

सेक्रेटरी परत आले. हातात जुनी वही, पानं पिवळी पडलेली. म्हणतात, आजी, पहिल्या सात वर्षांत सगळ्यात जास्त गोल 'सुतळी'चे आहेत, आणि तुमच्या यादीत तो नाहीच? मी म्हटलं, त्याच्यावर बंदी होती ना. म्हणाले, हो, बंदी आहे खरी, जन्माची. उठली नाही तर कमिटी त्याला घेऊ शकत नाही. पण त्या दिवशीचं कुणाला काही माहीत असेल आणि त्यानं पुढं येऊन सांगितलं, तर आम्ही नक्की विचार करू. तुम्ही तर तिथेच होता ना, आजी?

मी कपबशी खाली ठेवली. म्हटलं, मी बादलीत शर्ट भिजवत होते, मला काय दिसणार.

जाता जाता म्हणतात, सुतळी आहे हं अजून, सायकलींचं दुकान आहे त्याचं. आमंत्रण दिलंय, येतो म्हणाला.

 

८ फेब्रुवारी, शनिवार

कुणी वाचणार नाही म्हणते ना नात. तर लिहितेच. पण आधी दाराला कडी लावली.

शर्ट पिवळे, पाठीवर काळ्या कापडाचे नंबर. ते काळं कापड इतकं हलकं, की पहिल्याच धुण्यात साबण लागला तसा रंग उतरून सगळ्या पाठी राखेसारख्या झाल्या. म्हणून मी दर सोमवारी सगळे नंबर उसवायचे, शर्ट धुवायचे, वाळवायचे आणि नंबर परत शिवायचे. शेजारणी हसायच्या, हिचं लग्न टीमशी लागलंय म्हणायच्या. मला तेव्हा आकडे येत नव्हते. कुठला नंबर कुठल्या शर्टाचा हे कळावं म्हणून मी युक्ती काढली होती. शर्टाच्या कॉलरच्या आत एका रंगाच्या दोऱ्याचा टाका, त्याच रंगाचा टाका नंबरच्या मागे. लाल लालला, हिरवा हिरव्याला. अकरा माणसांना अकरा रंग. पण दोरे विकणाऱ्याकडे रंग तरी किती असणार! शेवटी ह्यांच्या चार नंबरच्या शर्टाला काळा आला आणि सुतळीच्या आठ नंबरच्या शर्टाला गडद निळा.

सातव्या वर्षी मोठी मॅच होती. मुलगी तीन वर्षांची, तापानं फणफणलेली, मांडीवर. पोटात हा मुलगा. बाहेर आभाळ भरून आलेलं, लाईट गेलेले, भर दुपारी खोलीत अंधार. तिला थोपटत थोपटत मी नंबर शिवले. काळा आणि निळा, मला दोन्ही सारखेच दिसले.

त्यांनाही कळलं नाही. आपापला शर्ट ते कोपराच्या ठिगळावरून ओळखायचे. आपल्या पाठीवर काय आहे ते कोण बघतंय?

मॅच हरलो. शिट्टी झाल्यावर चिखलात नुसती झोंबाझोंबी. कुणीतरी लाईनवरच्या माणसाच्या तोंडावर ठोसा मारला, त्याचा एक डोळा कायमचा गेला. मारणाऱ्याचं तोंड कुणाला दिसलं नाही. पंचांना दिसली ती पळणारी पाठ. आठ नंबर.

सोमवारी उसवायला बसले तर कॉलरला निळा आणि नंबरला काळा. दुसऱ्या शर्टाचं उलटं. मी स्वतःशी हसले, चुकलं की गं बाई म्हटलं, आणि या वेळी नीट शिवले. मला काय ठाऊक! गुरुवारी पत्र आलं. आठ नंबरला जन्माची बंदी. कारखान्यानंही सुतळीला काढून टाकलं. तो बिचारा सांगत राहिला, मी त्या टोकाला बूट सोडत बसलो होतो म्हणून. कुणी ऐकलं नाही. पंचांनी लिहिलंय म्हटल्यावर.

ह्यांना सांगितलं मी. हातावरची सूज अजून उतरली नव्हती ह्यांच्या.  म्हणाले, "आता शर्ट बरोबर शिवलेत ना? मग गप्प बस."

मी गप्प बसले. त्रेचाळीस वर्षं.

९ फेब्रुवारी, रविवार

फाटकाचा आवाज झाला की धडकी भरते. दूधवाला आला तरी.

१० फेब्रुवारी, सोमवार

मुलगा आज नाचतच घरी आला. आता काचेच्या कारखान्यातच फोरमन आहे, कमिटीतही आहे. ह्यांचा फोटो मोठा करून घेतलाय, दारातून आत येईना इतका! मैदानाच्या फाटकाला ह्यांचं नाव द्यायचं ठरलंय. आई, तू यादी वाचायचीस आणि लगेच पडदा ओढायचास, असं म्हणतो. वडील गेले तेव्हा कोपऱ्यात बसून रडला होता, मुलं बघतील म्हणून तोंडावर टॉवेल धरून. आज पहिल्यांदा इतका खूश बघितला.

फोटो भिंतीला टेकवून ठेवलाय. हे माझ्याकडेच बघतायत. मी आडून आडून जाते.

ह्यांना मी वाईट म्हणणार नाही. रागीट होते. रागात हात उठला, आणि मग घाबरले. बायको पोटुशी, पोर तापलेली, कारखान्याची खोली. माझ्यावर मात्र ह्यांनी कधी हात उगारला नाही. आणि त्या दिवसानंतर खेळताना धक्काही मारायचे नाहीत कुणाला. लोक म्हणायचे, कॅप्टन किती सभ्य झालाय. मी बादलीशी बसून ऐकायचे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाजारात जाताना सायकलींच्या दुकानावरून गेले. मुद्दाम नाही. बरं, मुद्दामच. इतकी वर्षं मी ती गल्ली टाळून लांबून जायचे, नातीला वाटायचं आजीला चालायची हौस. सुतळी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. अजून तसाच काटकुळा. केस सगळे पांढरे. त्यानं मान वर केली आणि मी पुढच्या दुकानात शिरले. ते न्हाव्याचं निघालं! न्हावी म्हणाला, बोला आजी, दाढी की कटिंग? सगळे हसले. मीही हसले.

तो काय खेळायचा! बॉल त्याच्या पायाला बांधल्यासारखा. दुसऱ्यांना धावावं लागायचं, हा नुसता तिथे असायचा. अकरात नाही, पहिल्या तिघांत घ्यायला हवा. पहिलाच घ्यायला हवा. आणि मी त्याच्या जागी लोणीला लावलं. लोणी, ज्याच्या अंगावर बॉल आपटून चुकून गोल व्हायचा!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नातीला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगणार. ती अभ्यास सोडून माझ्या शेजारी बसली. मला वाटलं, आता म्हणेल आजी, तू असं कसं केलंस. तिनं विचारलं, "आजी, तुला भीती कशाची वाटते?"

मी मोजायला लागले. मुलाची. लोकांची. ह्यांच्या फोटोवर कुणी थुंकेल त्याची. सेक्रेटरींची. सुतळी माइकसमोर येऊन माझे केस धरेल त्याची. ती म्हणाली, आजी, तो पंचाहत्तरचा आहे. मी म्हटलं, केस धरायला वय लागत नाही.

ती हसली नाही. म्हणाली, बाबांना तू आधी सांग. माइकवरून कळू देऊ नकोस.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं मुलाला. दुपारी, तो जेवत असताना, म्हणजे उठून जाणार नाही. घास तसाच हातात राहिला. आधी म्हणाला, तुझी चूक झाली असेल आठवण्यात. मग म्हणाला, कशावरून? मी दोऱ्यांचं सगळं परत सांगितलं. मग ओरडला. सूनबाई दारात येऊन उभी राहिली.

"बाबा गेले, ज्याचा डोळा गेला तोही गेला, आता कुणाला काय फरक पडतोय, आई? उरलंय ते बाबांचं नाव, तेवढं तरी राहू दे."

  मी म्हटलं, सुतळी उरलाय की.

ताट सरकवून गेला. फोटोही उचलून घेऊन गेला, कमिटीच्या ऑफिसात की कुठे, बोलला नाही. भिंत मोकळी झाली, तर आता तीही माझ्याकडे बघतेय असं वाटतं.

लोणीची चिठ्ठी चिमट्यातून काढली. नवी चिठ्ठी मी स्वतः लिहिली. तीन कागद फुकट गेले. उद्या चार वाजता. देवा, माइक बंद पडू दे.

१६ फेब्रुवारी, रविवार

माइक बंद पडला नाही. सगळं बोलले. दोरे, नंबर, ह्यांचा हात, सगळं.  मुलगा जमिनीकडे बघत बसला होता, पण बसला होता, उठून गेला नाही. पडदा कुणी ओढला नाही.

मग तिसऱ्या रांगेतून सुतळी उठून आला. मी डोळे मिटून घेतले. तर अगदी हळू म्हणाला, "वहिनी, माझी बायको दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत तिला वाटायचं, मीच मारलं आणि तिच्याशीही खोटं बोललो. उद्या घरी येता का? हेच तिच्या फोटोसमोर एकदा सांगा. जरा मोठ्यानं सांगा. शेवटी शेवटी तिला कमी ऐकू यायचं."