खिडक्या पुसण्याचं लायसन्स

अप्पा, हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून स्पष्टच लिहिते. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, तरी मला तुमचा राग येतो. आज सकाळी एकजण लांब दांड्याच्या ब्रशने शेजाऱ्यांच्या खिडक्या धूत होता. गळ्यात बॅज नाही, काही नाही, आणि शेजारीण त्याला खुशाल चहा देत होती. माझं डोकंच फिरलं.

इंग्लंडात कोणीही उठावं, बादली उचलावी आणि खिडक्या पुसत सुटावं. इथे स्कॉटलंडात कौन्सिलचं लायसन्स लागतं, आणि तुम्ही ते दर वेळी काढलंत. फोटो, पोलिसांची चौकशी, सगळं. दार वाजवायच्या आधी तुम्ही छातीवरचा बॅज सरळ करायचात. एकाही बाईने तो कधी वाचला नाही. फॉर्म शाळेत असल्यापासून मी भरायचे, कारण इंग्रजी लिहिताना तुमचा हात अडायचा. मग तो व्हॅनवाला आला, बिनलायसन्सचा. उन्हाळ्यात पुढच्या खिडक्यांवर फडकं फिरवायचा आणि पसार. तुम्ही जानेवारीत बोटं बधिर झाली तरी मागच्या खिडक्यांचे कोपरेसुद्धा कोरडे करायचात. आपल्या मराठी मंडळातल्या डॉक्टरीणबाईंनीही त्यालाच कामाला लावलं, वर तुम्हाला म्हणाल्या, तुम्ही दमता हो फार. मी चिडून म्हटलं, कौन्सिलला कळवूया. तुम्ही म्हणालात, "त्याचं पोट आहे त्याच्यावर. आपण आपला कागद नीट ठेवायचा."

कागद! त्याच वर्षी लायसन्स संपलं. मुदतीआधी फॉर्म पोचला असता तर जुन्यावर काम चाललं असतं. तो उशिरा पोचला, म्हणून सगळं पहिल्यापासून. मला अजून दिसतंय, तुम्ही ड्रॉवर उघडता, बॅज आत ठेवता, शिडी भिंतीला आडवी लावता. मी ओरडते, अहो जा ना, कोण बघतंय! तुम्ही सात आठवडे शिडीला हात लावत नाही. तेवढ्यात त्या व्हॅनवाल्याने अख्खा रस्ता घेतला. इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं, त्यातली तीन घरं उरली. तुम्ही गोदामात खोकी उचलायला लागलात. इतका कसला हो तो खरेपणा? कोणासाठी?

मी सगळ्यांना सांगत आले, कौन्सिलने घोळ घातला. तुम्हालाही तेच सांगितलं होतं. फॉर्म माझ्या कॉलेजच्या बॅगेत होता, अप्पा. परीक्षा होती, राहून गेला, मुदत उलटल्यावर पोस्टात टाकला. तुम्ही कौन्सिलच्या काउंटरवर चौकशी करून आलात, तेव्हा तिथल्या बाईने तारीख सांगितलीच असणार. घरी येऊन तुम्ही त्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीत. पुढच्या वेळी मात्र, त्या तीन घरांसाठी, फॉर्म तुम्ही स्वतः भरलात, खाडाखोड करत, आणि बसने जाऊन स्वतःच्या हाताने दिलात. मी टेबलाच्या पलीकडेच बसले होते. द्या, मी भरते, एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.