पदराचा गोंडा

सुदामानगर, इंदूर
३ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. शशिकला हिस गजाननाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझे २६ मेचे पत्र काल कुमुदिनीच्या शिवणाच्या डब्यात सापडले. पाकिटावर तिने पेन्सिलीने ‘उत्तर द्यायचे’ असे लिहून ठेवले होते. पत्राच्या तारखेपासून बाराव्या दिवशी ती गेली. तुम्हा बहिणींचा दर पंधरवड्याच्या पत्राचा नेम चाळीस वर्षे चालला. त्यातील शेवटचे पत्र अनुत्तरित राहावे हे योग्य नव्हे, म्हणून मी लिहीत आहे. दूरध्वनी का केला नाही असे मनात आणू नकोस. कानाला यंत्र लावूनही तुला त्यावर ऐकू येत नाही, आणि मला अलीकडे त्यावर नीट बोलता येत नाही.

तू विचारलेल्या गोष्टींची उत्तरे क्रमाने देतो. लिंबाच्या लोणच्यात ती मेथी घालीत नसे. गुडघ्याचे तेल तिने बंद केले होते. तुम्ही दोघींनी महेश्वरहून आणलेल्या जोडीच्या साड्यांपैकी जांभळी ती नेसत असे. पाडव्याला नेसली होती. ती साडी आठवण म्हणून तुझ्याकडे असावी, असे मी ठरविले आहे.

एक अडचण आहे. तिची मांजर, सुपारी, जूनपासून पलंगाखाली राहते. अन्न अर्धे टाकते. वजन सव्वाचार किलो होते, ते साडेतीनवर आले आहे. प्राण्यांच्या डॉक्टर देवयानी यांच्या मते शरीरात दोष नाही. तिला कोणी खेळवीत नाही, एवढेच. मला मांजराची सवय नाही. मी तिला आणि ती मला, एका घरात राहणारी दोन माणसे म्हणून सहन करतो. तुझ्याकडे चार मांजरी आहेत. तू हिला घेऊन जाशील काय? विचार करून कळवावे.

तुझ्या लोभास पात्र राहावे अशी इच्छा करणारा,
गजानन

---

दौलतगंज, ग्वाल्हेर
१० ऑक्टोबर

ती. भाऊजींस शशिकलाचा सा. न. वि. वि.

पाकिटावर इंदूरचा शिक्का पाहिला आणि मी दारातच बसले. क्षणभर वाटलं, ताईचंच आलं. मग आतलं अक्षर पाहिलं, इतकं सरळ, जणू पट्टी ठेवून लिहिलेलं. रडले आणि हसलेसुद्धा. भाऊजी, चार महिन्यांनी का होईना, लिहिलंत. बरं केलंत.

सुपारीला नेईन. पण आत्ता माझा डावा गुडघा नवा बसवायचाय, डिसेंबरशिवाय प्रवास होणार नाही. चौदा डिसेंबरला झाकणाची टोपली घेऊन येते. तोवर तिला जगवायचं काम तुमचं. नुसतं ताटलीत घालून चालत नाही, मांजराला शिकार लागते. बाजारात काठीला दोरी आणि दोरीला पिसं बांधलेली खेळणी मिळतात, ती आणा. काठी लांब हवी, म्हणजे नखं तुमच्या हाताला लागणार नाहीत. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं खेळवा. पोलोग्राउंडच्या कारखान्यात तीस वर्षं पंप तपासलेत, एक मांजर काय भारी आहे!

साडी राहू द्या, मी येईन तेव्हा नेईन. माझी हिरवी आहेच. दोन्ही एका घडीत ठेवीन.

तुमच्या लोभावर हक्क सांगणारी,
शशिकला

---

इंदूर
२१ ऑक्टोबर

चि. सौ. शशिकला हिस अनेक आशीर्वाद.

वि. वि. सूचनेप्रमाणे शेजारच्या विक्रांतच्या गाडीतून विजयनगरच्या दुकानात जाऊन तीन काठ्या आणल्या. विक्रांत बँकेत आहे आणि प्रत्येक गोष्टीत मत देतो. वाटेत त्याने मला ऐकविले की काकाजी, बिल्ली है, कोई कलेक्टर साहब थोड़ी है, कोई भी उठा लो. मी त्याचे ऐकले नाही.

घरी आल्यावर तिन्हींची रीतसर चाचणी घेतली. प्रत्येक दोरीला दोन किलोचे वजन पाव तास टांगले. पहिल्या खेळण्यातील उंदराचा प्लास्टिकचा डोळा नखाने ओढताच निघाला. तो गिळला जाऊ शकतो, म्हणून बाद. दुसऱ्याची दोरी रबरी होती. ती ताणून सोडताच माझ्या चष्म्यावर आपटली. मांजराच्या डोळ्यास चष्मा नसतो, म्हणून तीही बाद. तिसऱ्यास पिसे आहेत. तारेचे टोक टोचत होते, ते कानशीने घासून वळवून घेतले. हे एक उत्तीर्ण.

सुपारीने ही चाचणी पलंगाखालून पूर्ण पाहिली. त्यानंतर मी सलग आठ दिवस, घड्याळ लावून, सकाळी सात ते सात-दहा आणि सायंकाळी सहा ते सहा-दहा, पिसे तिच्या तोंडासमोर हलविली. ती भिंतीकडे तोंड करून बसते. वजन तीन किलो चारशे.

काल सहा-दहाला काठी खाली ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की मी दिवसभरात तिच्याव्यतिरिक्त कोणाशीही बोललो नव्हतो. तिच्याशीही फक्त ‘बघ’ एवढेच म्हणालो होतो.

लोभाची अपेक्षा पूर्ववत आहे, हे सांगणे न लगे.
गजानन

---

ग्वाल्हेर
२८ ऑक्टोबर

ती. भाऊजींस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचताना इतकी हसले की गुडघा दुखला. भाऊजी, कुठला उंदीर मांजराच्या तोंडापुढे येऊन कवायत करतो हो? तो पळतो. पिसं तिच्यापासून दूर न्या. पलंगाच्या पायामागे लपवा, थांबा, जरासं थरथरवा. जमिनीलगत चालवा, उंच उड्या मारायला लावू नका, फरशीवर पाय मुरगळेल. आणि घड्याळ काढून ठेवा.

मुख्य म्हणजे शेवटी तिला जिंकू द्या. शिकार हातात आली पाहिजे, मग लगेच खाऊ. नेहमीच हुलकावणी दिली तर मांजर चिडतं, नाहीतर नाद सोडतं. ताईशी पत्ते खेळताना तुम्ही एकदाही हरला नाहीत, हे मला तिनं लिहिलं होतं. इथे हरायचं आहे.

आणखी दोन गोष्टी अधोरेखित करते. खेळ संपला की काठी कपाटात, कुलपात. बाहेर ठेवायची नाही. आणि देव न करो, कधी तोंडातून धागा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. आत आतड्यात गुंतलेला असतो, ओढला तर चिरत येतो. तसंच डॉक्टरांकडे पळायचं.

दिवाळीत काही करू नका म्हणणार नाही. एक पणती लावा. ताई रागावेल नाहीतर.

लोभ माझ्याकडून कमी पडणार नाही, उत्तरं तेवढी वेळेवर यावीत.
शशिकला

---

इंदूर
१२ नोव्हेंबर

चि. सौ. शशिकला हिस अनेक आशीर्वाद.

वि. वि. कळविण्यास समाधान वाटते की सुपारी खेळली.

पिसांनी नव्हे. पणती लावताना मला आठवले की कुमुदिनी स्वयंपाकघरात फिरू लागली की ही तिच्या मागे पदराच्या टोकावर झडप घालीत असे, आणि कुमुदिनी लटके रागावत असे. म्हणून घरातच उपलब्ध झालेला एक रेशमी गोंडा काठीला बांधला आणि तुझ्या सांगण्याप्रमाणे दाराआड ओढत नेला. शशिकला, ती पलंगाखालून निघाली. प्रथम नाक, मग मिशा, मग सर्व. गोंडा हुंगून ती काही वेळ तशीच उभी राहिली. मग तिने झडप घातली. मी हरलो. त्यानंतर तिने ताटली पुसून खाल्ली.

हे आता रोज चालते. वजन तीन किलो सहाशे. खेळ संपला की काठी कुमुदिनीच्या वेताच्या खुर्चीवर ठेवतो. त्या खुर्चीवरचा तिचा चष्मा, शाल, सात जूनचे वर्तमानपत्र मी हलविलेले नाही. गोंड्याची जागाही तीच आहे असे मला वाटते. कपाट नको.

काल खेळताना मी हसलो. आवाज अनोळखी वाटला.

तुझ्या लोभाचा हा प्रत्यक्ष लाभ समजावा.
गजानन

---

ग्वाल्हेर
१७ नोव्हेंबर

ती. भाऊजींस सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे, स्पीडपोस्टने पाठवते. कसला गोंडा? रेशमाचा? तो आधी काढा. रेशीम सुटतं, दातात अडकतं, आणि मांजराची जीभ खरखरीत असल्यानं तिला थुंकता येत नाही, गिळावंच लागतं. आणि खुर्चीवर ठेवता? भाऊजी, मी अधोरेखित केलं होतं! हातची कामं टाका आणि काठी कुलपात घाला.

शशिकला

---

इंदूर
२२ नोव्हेंबर

चि. सौ. शशिकला हिस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझे १७ तारखेचे पत्र २० तारखेस दुपारी मिळाले. घटना त्याच सकाळी घडली होती.

मी निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यासाठी बाहेर गेलो होतो. परतलो तेव्हा खुर्चीखाली नुसती काठी होती. सुपारीने दोनदा उलटी केली होती, आणि तोंडाच्या कोपऱ्यातून जांभळा धागा बोटभर बाहेर आला होता. मी तो चिमटीत धरला. ओढण्याच्या बेतात होतो; तुझी अधोरेखित ओळ आठवली आणि सोडला. विक्रांतला हाक मारली. तो जेवणाच्या ताटावरून उठला आणि एकही मत न देता गाडी काढली.

डॉ. देवयानींनी पहिला प्रश्न, अंकल, खींचा तो नहीं ना, असा केला. मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या की मग वाचेल. धागा जिभेखाली अडकून खाली आतड्यात उतरला होता. त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली. त्यांनी कागदावर नाव विचारले तेव्हा मी सुपारी म्हणालो. पालकाचे विचारले तेव्हा कुमुदिनी म्हणालो. मग दुरुस्त केले.

आता जे कळविणे भाग आहे ते कळवितो. गोंडा घरात ‘उपलब्ध’ झाला नव्हता. तो तुला देऊ केलेल्या साडीच्या पदराचा होता. मी तो कात्रीने कापला. तीस वर्षे मी कोणतीही वस्तू तपासल्याशिवाय पुढे जाऊ दिली नाही. दुकानातल्या तिन्ही दोऱ्यांना वजने टांगली. या एका गोंड्याला टांगले नाही. तो तिचा होता, तेव्हा त्याने अपाय होईल असे मनातच आले नाही.

साडी बिघडली. मांजरही जाता जाता वाचली. ठरल्याप्रमाणे चौदा तारखेस येऊन दोन्ही घेऊन जावे. माझ्याकडे ठेवणे सुरक्षित नाही.

गजानन

---

ग्वाल्हेर
२८ नोव्हेंबर

ती. भाऊजींस सा. न. वि. वि.

पहिल्यांदाच तुम्ही पत्राखाली लोभाचा शब्द लिहिला नाहीत. तो न लिहून तुमची सुटका होणार नाही.

साडीचं ऐकून मी कपाट उघडलं आणि माझी हिरवी काढली. खोटं कशाला बोलू, आधी राग आला. बारा गोंड्यांपैकी एक गेला म्हणून नाही. तो कापताना मला विचारलं नाहीत म्हणून. मग वाटलं, विचारलं असतंत तर मी नको म्हटलं असतं, आणि ती अजून पलंगाखाली असती. म्हणून मी माझीही कात्री चालवली. सोबत हिरवी पट्टी आहे, माझ्या पदराची. चार बोटं रुंद, दुमडून चारी कडांनी मशीन मारलंय, गोंडा नाही, झालर नाही, सुटा धागा नाही. आणि हो, दोन किलो डाळीची पिशवी पाव तास टांगली होती. उत्तीर्ण.

टाके काढेपर्यंत खेळ नाही. नंतरही तिनं उडी मारायची नाही, म्हणजे तुम्हाला खाली बसावं लागेल. तुमच्या घरात बुटकी खुर्ची एकच आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे.

टोपली आणू की नको, ते खेळून झाल्यावर कळवा. मला वाईट वाटेल असं समजून काही लिहू नका.

तुमचा लोभ पुढच्या पत्री परत यावा, ही हट्टाची मागणी.
शशिकला

---

इंदूर
९ डिसेंबर

चि. सौ. शशिकला हिस अनेक आशीर्वाद.

वि. वि. टाके तीन तारखेस काढले. पट्टीस मी पुन्हा वजन टांगले; तुझ्यावर अविश्वास नाही, पद्धत आहे. नंतर ती काठीला पक्की शिवली.

काल सायंकाळी खुर्ची रिकामी केली. शाल घडी करून कपाटात ठेवली. चष्मा त्याच्या डबीत ठेवला. वर्तमानपत्र वाचले, माझे ते वाचावयाचे राहिले होते. मग खुर्चीत बसलो. ती माझ्या अंदाजापेक्षा बरीच बुटकी आहे. तिथून पलंगाखालचे सर्व दिसते. कुमुदिनीला तिथून या घरातले काय काय दिसत असेल, याचा मी कधी विचार केला नव्हता.

पट्टी फरशीवरून हळू नेली. सुपारीला ती ओळखीची नव्हती. पुष्कळ वेळ गेला. किती ते सांगता येणार नाही, घड्याळ काढून ठेवले होते. शेवटी ती आली, पंजा ठेवला, आणि मी सोडून दिले. तिने शिकार धरून माझ्या पायाशी आणून टाकली व खाण्याकडे गेली. पट्टी तपासली, धागा सुटलेला नव्हता. काठी कपाटात, शालीशेजारी, कुलपात आहे.

घर पूर्वीइतकेच शांत आहे. त्यात फरक पडला असे लिहिणे खोटे होईल. परंतु सायंकाळी सहाला या घरात कोणीतरी माझी वाट पाहते, हे नोंदविणे आवश्यक आहे.

माझ्या पहिल्या पत्रात एक चूक राहिली. लिंबाच्या लोणच्यात मेथी नसते असे मी कळविले होते. तिने घातलेल्या शेवटच्या बरणीतले लोणचे काल ताटलीत काढून दाण्यादाण्याने पाहिले. मेथी आहे. एकेचाळीस वर्षे मी ते लोणचे खाल्ले. तुझ्या मेच्या पत्रावर आता ‘उत्तर दिले’ असे लिहून ते डब्यात परत ठेवले आहे.

चौदा तारखेस अवश्य यावे. जांभळी साडी घडी करून ठेवली आहे; तिच्या अकरा गोंड्यांसह ती तुझीच आहे. टोपली आणावयाचीच असेल तर ती लिंबे भरून आणावी. बरणी तळाशी आली आहे. मेथी मी आणून ठेवतो.

कुमुदिनीच्या वाट्याचा लोभही यापुढे याच पत्त्यावर पाठवीत जावा, ही विनंती.

तुझा,
गजानन